मॉर्गेज ब्रोकरचा अनुभव: काम चोख, पण क्रेडिट तपासण्याची घाई

अमेरिकेत घर घेताना ज्या मॉर्गेज ब्रोकरमार्फत (गृहकर्ज मिळवून देणारा मध्यस्थ) आम्ही कर्ज काढले, त्याचे नाव येथे देत नाही. त्याने मिळवून दिलेल्या व्याजदराबद्दल तक्रार नाही. हा अभिप्राय प्रामुख्याने त्याने आमचा क्रेडिट रिपोर्ट (कर्जे आणि परतफेडीच्या इतिहासाचा अहवाल) कसा काढला याबद्दल आहे.

पहिल्याच फोनवर मी सध्याचे दर विचारले, तेव्हा त्याने सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतील ओळख क्रमांक) मागितला आणि मीही तो बेसावधपणे देऊन टाकला. काही दिवसांनी रिपोर्टवर हार्ड इन्क्वायरी (कर्जासाठी झालेल्या तपासणीची, क्रेडिट स्कोअर म्हणजे पत दाखवणारा आकडा थोडा कमी करू शकणारी नोंद) दिसली, तेव्हा त्याचे उत्तर होते की, ‘तुम्ही नंबर दिलात, म्हणजे परवानगी दिलीत.’ हे उत्तर मला पटले नाही. १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यानुसार रिपोर्ट काढण्यासाठी कायद्याला मान्य असलेले कारण लागते. ग्राहकाने स्वतः कर्जाचा व्यवहार सुरू केला असेल, तर ते कारण मिळते आणि दरवेळी लेखी संमती लागतेच असे नाही (अनेकांचा समज याउलट असतो). परंतु केवळ दराची चौकशी करणे म्हणजे व्यवहार सुरू करणे नव्हे. प्राथमिक अंदाजासाठी स्कोअरला धक्का न लावणारी सॉफ्ट तपासणी करता आली असती, पण तिचा उल्लेखही त्याने केला नाही.

‘स्कोअर फारसा पडत नाही’ हे त्याचे म्हणणे मात्र चुकीचे नव्हते. इन्क्वायरी रिपोर्टवर २ वर्षे दिसते, तरी मॉर्गेजसाठी ४५ दिवसांत झालेल्या सर्व तपासण्या फायकोच्या (स्कोअरची सूत्रे बनवणारी कंपनी) नव्या सूत्रांत एकच धरल्या जातात. जुन्या सूत्रांत ही मुदत १४ दिवसांची असल्यामुळे निरनिराळ्या ब्रोकरांकडे चौकशी करायची असेल, तर ती दोन आठवड्यांत उरकणे सोयीचे. हे त्याने आधी सांगितले असते, तर आम्ही आणखी दोन ठिकाणी विचारले असते. कदाचित म्हणूनच सांगितले नसावे.

खरा मनस्ताप पुढे झाला. आमच्या रिपोर्टची चौकशी झाल्याची माहिती क्रेडिट ब्युरोंकडून (हे रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्या) इतर कर्जदात्यांना विकली गेली आणि अनोळखी फोनांचा भडिमार सुरू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने मार्च २०२६ पासून या विक्रीवर कडक मर्यादा आणल्या आहेत, पण तो आमच्या उपयोगी पडला नाही. अर्जापूर्वी प्रीस्क्रीन ऑफर्समधून (ब्युरोंच्या माहितीवरून न मागता येणारे कर्जाचे प्रस्ताव) नाव काढून घेण्याची सोय तेव्हाही होती. ब्रोकरने ती एका वाक्यात सांगायला हवी होती.

यानंतरचे काम मात्र चोख झाले. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही ब्युरोंचे स्कोअर त्याने लेखी दिले आणि त्यांपैकी मधला का धरतात, हेही समजावले. लोन एस्टिमेट (कर्जाच्या अटी आणि खर्चाचा अंदाज देणारा कागद) तीन कामकाजी दिवसांच्या आत मिळाले आणि तोपर्यंत त्याने क्रेडिट रिपोर्टच्या शुल्काखेरीज काहीही मागितले नाही. नियमानेही त्याला दुसरे काही मागता येत नाही. एका बंद कार्डावर थकबाकी दाखवणारी चूक सापडली, तेव्हा त्याने रॅपिड रिस्कोअर (दुरुस्ती ब्युरोकडे तातडीने नोंदवून स्कोअर पुन्हा काढणे) करवून घेतला. आम्ही स्वतः ब्युरोकडे तक्रार केली असती, तर चौकशीसाठी सहसा ३० दिवसांची मुदत असते, आणि रॅपिड रिस्कोअर ग्राहकाला थेट मागता येत नाही. ब्रोकर असल्याचा फायदा आम्हाला येथे जाणवला.

पाचपैकी तीन तारे. पुढे कधी रिफायनान्स (नवे कर्ज घेऊन जुने फेडणे) करायचे झाल्यास मी त्याच्याकडे पुन्हा जाईनही. मात्र ब्युरोंकडील क्रेडिट फ्रीझ (नव्या कर्जदात्यांना रिपोर्ट पाहू न देणारे कुलूप), जे विनाशुल्क लावता येते, ते आधीपासून लावून ठेवीन आणि रिपोर्ट कोणत्या दिवशी काढणार हे ईमेलवर लिहून मिळाल्यावरच ते उठवीन.