प्रोटीन ४५.६ टक्के: रिपोर्ट खरा, माल खोटा

सोयाबीनचा एवढा व्यापार असलेल्या इंदूरमध्ये राहून सोया डीओसीत (सोयाबीनमधलं तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत) फसलो, हे सांगायचीच लाज वाटते. सराफ्यात दुकान असलेल्याने पितळ सोनं म्हणून घ्यावं, तसं झालं. पण परवा जे कळलं त्यानंतर गप्प बसणं बरं नव्हे.

इंदूरजवळ सांवेरच्या बाजूला आमचं लहानसं लेअर फार्म आहे, अंड्यांच्या ३,००० कोंबड्यांचं. खाद्य विकत घेत नाही, मका, डीओसी, राइस पॉलिश, शिंपले, प्रीमिक्स आणून आम्हीच मिसळतो. जुलैमध्ये एका ब्रोकरने बाजारभावापेक्षा किलोमागे ५ रुपये कमी सांगितले. मी म्हटलं, आधी नमुना द्या, मी माझा तपासून घेतो. तो हसून म्हणाला, ‘भिया, दस जगह करा लो.’ मी लॅबमध्ये पैसे भरले, रिपोर्ट आला: क्रूड प्रोटीन ४५.६ टक्के. चांगल्या डीओसीचं असतं तेवढंच. ४ टन माल उतरवला, पैसे मोबाइलवरून पाठवले, बिल कच्चं. (कच्चं का? चार पैसे वाचतात म्हणून. बोला आता.)

पंधरा-वीस दिवसांत अंड्यांचा आकार उतरला. सरासरी वजन ५७ ग्रॅमचं ५१ वर आलं. नेहमीचा दुकानदार ट्रे उचलून म्हणाला, ‘काका, कबुतरं पाळलीत का?’ मग कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. शेपटीच्या वरचा भाग उघडा, लालबुंद. पाणी जास्त पीत होत्या, खाली विष्ठा पातळ, आणि सकाळी शेडमध्ये शिरलं की डोळे झोंबायचे. मी पाण्याची टाकी धुवून काढली, लसीवर संशय घेतला, शेवटी गड्यावर घसरलो, की तूच खाद्य कमी टाकतोस. तो बिचारा पहिल्या आठवड्यापासून सांगत होता, ‘दादा, या गोणी पाझरतात.’ पावसाळ्यात सगळंच पाझरतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

महूच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकलेले आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आले. रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, ‘हा आकडा प्रोटीनचा नाही, नायट्रोजनचा आहे.’ ही तपासणी १८८३ साली कोपनहेगनच्या केल्डाल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बसवून दिलेली. मालातला नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचा. तो नायट्रोजन आला कुठून, हे ती विचारत नाही. शेतात टाकायच्या युरियात ४६ टक्के नायट्रोजन. गुणून बघा, कागदावर २८७ टक्के ‘प्रोटीन’! म्हणजे भुसा मिसळलेली ३८ टक्क्यांची डीओसी घ्या, त्यात १०० किलोला ३ किलो युरिया घाला, रिपोर्ट साडेपंचेचाळीसचा येतो. युरियाची ४५ किलोची गोणी सबसिडीत २७० रुपयांच्या आत मिळते. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन हे नायट्रोजनवालं रसायन घालून हीच युक्ती केली होती, आणि तान्ही मुलं दगावली.

गाई-म्हशीच्या पोटातले जंतू थोड्याफार युरियापासून प्रोटीन बनवून घेतात. कोंबडीला ती सोय नाही. तिला लायसिन, मिथिओनिन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे घटक, खाद्यातूनच तयार मिळावी लागतात. मका-सोयाच्या खाद्यात सगळ्यात आधी तुटवडा पडतो तो मिथिओनिनचा. ते गंधकवालं, आणि पिसांना गंधकवाली अमिनो आम्लं भरपूर लागतात. डीओसीतच खरं प्रोटीन कमी, म्हणजे लायसिन-मिथिओनिनही कमी. अंडं लहान का झालं आणि पिसं का उपटली, दोन्हींचं उत्तर एकच.

डॉक्टरांनी तिथेच तपासून दाखवलं. भाचीच्या शाळेतून लाल लिटमस आणला होता, अमोनिया लागला की निळी होणारी कागदाची पट्टी. दोन ग्लास घेतले. एकात माझी डीओसी, दुसऱ्यात शेजारच्या फार्मवरची खात्रीची, दोन्हींत कोमट पाणी. मग कच्चं सोयाबीन मिक्सरमध्ये दळून अर्धा-अर्धा चमचा घातलं. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं एन्झाइम असतं, ते युरिया फोडून अमोनिया काढतं. पाच मिनिटांनी शेजारच्या ग्लासातली पट्टी लालच राहिली. माझ्यातली खालच्या टोकापासून निळी होत वर चढली, आणि ग्लासाला नाक लावल्यावर तोच वास, सकाळचा शेडमधला. युरिया हवेतली ओल ओढतो, गोणी पाझरत होत्या त्या त्यामुळेच. गडी मागे उभा होता. काही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण.

मात्र ही पट्टी फक्त युरिया पकडते. दुसरं काही घातलं असेल तर लॅबला ट्रू प्रोटीन (फक्त खरं प्रोटीन) किंवा अमिनो ॲसिड प्रोफाइल (कुठलं अमिनो आम्ल किती) मागा. महाग पडतं, पण ४ टनांपेक्षा स्वस्त. नमुना ब्रोकरच्या हातून घेऊ नका, उतरलेल्या गाडीतल्या आठ-दहा गोण्यांतून स्वतः काढा. आणि पक्कं बिल. माझी तक्रार तिथेच अडली.

माल बदलला, डॉक्टरांच्या सांगण्यावरून मिथिओनिन-लायसिन वेगळं घातलं, अंडी हळूहळू सावरली. ३१ गोण्या अजून शेडच्या कोपऱ्यात आहेत. एक दूधवाला म्हणाला, म्हशींना घालतो, अर्ध्या भावात द्या. नाही दिल्या. कुठल्या गोणीत किती युरिया आहे कुणास ठाऊक, आणि जास्त युरियाने म्हैस उभ्या उभ्या कोसळते.

परवा देवासकडच्या एका ओळखीच्या फार्मवाल्याचा फोन आला. ब्रोकर तोच, नंबर नवा. भाव कमी, आणि सोबत विश्वासासाठी एका ‘जुन्या गिऱ्हाइकाने स्वतः करून घेतलेला’ रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवलाय: ४५.६ टक्के, वर माझ्या फार्मचं नाव. तो कागद तुमच्याकडे आला तर लक्षात ठेवा, तो खोटा नाही. मीच पैसे भरून काढलाय.