भाताऐवजी किनोवा परतून: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने घाईच्या संध्याकाळी मी फ्राइड राइसच्या पद्धतीने किनोवा परतून खातो आहे. आता मत पक्कं झालं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पदार्थ उत्तम होतो आणि मला तो मनापासून आवडतो. पण तो भाताची जागा घेतो, असं मी म्हणणार नाही. ज्याला फ्राइड राइसचीच चव हवी आहे त्याने खुशाल तांदूळ घ्यावा. किनोव्याकडून भाताची अपेक्षा ठेवली नाही, तर त्याच्यासारखा झटपट आणि पोटभरीचा पदार्थ दुसरा सापडणं कठीण. तो जमणं न जमणं जवळजवळ पूर्णपणे एकाच गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे दाण्यातलं पाणी.

किनोवा दिसतो धान्यासारखा, पण तांदूळ-गव्हासारखं ते गवताचं बी नाही. ही वनस्पती पालक आणि बीट यांच्या कुळातली. मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतली. आजही बोलिव्हिया आणि पेरू हे तिचे मोठे उत्पादक देश आहेत. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे आंतरराष्ट्रीय किनोवा वर्ष म्हणून पाळलं आणि त्या सुमारास हे बी जगभरच्या स्वयंपाकघरांत पोहोचलं. ही कुळकथा सांगण्याचं कारण असं, की भाताच्या बाबतीत हाताला बसलेल्या सवयी इथे जशाच्या तशा चालत नाहीत. दाण्याची रचना वेगळी, स्टार्च वेगळं आणि चवही वेगळी.

सुरुवात धुण्यापासून. दाण्यावर सॅपोनिन नावाच्या कडवट द्रव्याचा थर असतो. विकायला येण्याआधी तो घासून किंवा धुऊन बराचसा काढलेला असतो, पण पूर्ण गेलेला असेलच असं नाही. पाण्यात दाणे चोळले की फेस येतो, तो याचाच. फेस येणं थांबेपर्यंत धुवायचं. यात आळस केला तर मागे राहणारा कडूपणा सोया सॉसने झाकला जात नाही, उलट जास्तच जाणवतो. दाणा जेमतेम दोन मिलिमीटरचा, त्यामुळे साध्या चाळणीतून अर्धा माल सिंकमध्ये जातो. अगदी बारीक जाळीची गाळणी लागतेच. धुतल्यावर त्याच गाळणीत दहा मिनिटं नीट निथळू द्यायचा.

पाकिटावर बहुतेक वेळा एका वाटीला दोन वाट्या पाणी लिहिलेलं असतं. नुसता उकडून खायचा असेल तर ते ठीक, परतण्यासाठी मात्र फार होतं. दाणे वरून शिजलेले दिसतात, पण आत पाणी धरून बसतात आणि कढईत पडले की लगदा होतो. मी एका वाटीला दीड वाटी पाणी घेतो. त्याआधी निथळलेला किनोवा कोरड्या पातेल्यात मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं भाजतो, ओलावा उडून खमंग वास सुटेपर्यंत. मग उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, घट्ट झाकण आणि अगदी मंद आच. साधारण पंधरा मिनिटांत पाणी आटतं. गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकण न उघडता वाफ जिरू द्यायची. दाणा शिजला की त्याच्या कडेचा पांढरा अंकुर कड्यासारखा सुटा होतो. तो दिसला की झालं, पुढे शिजवण्यात काही हशील नाही. काट्याने हलक्या हाताने मोकळा करायचा, चमच्याने घोटायचा नाही. एका वाटीचा जवळजवळ तिप्पट होतो, हे माप धरताना लक्षात ठेवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, वाळवण्याचा. फ्राइड राइसला शिळा भात लागतो, कारण तांदळातलं स्टार्च थंड झालं की आवळतं आणि दाणा कडक, फडफडीत होतो. स्टार्चमधला जो घटक थंड झाल्यावर आवळतो, त्या अमायलोजचं प्रमाण किनोव्यात कमी असतं, त्यामुळे थंडीने तो तेवढा आवळत नाही. त्याला फ्रीजचा फायदा होतो तो मुख्यतः वरचा ओलावा उडण्यापुरता. म्हणून झाकणबंद डब्यात रात्रभर ठेवलेला किनोवा दुसऱ्या दिवशी जवळपास तसाच ओलसर निघतो. ताटात पातळ पसरून, वर काही न झाकता फ्रीजमध्ये ठेवला तर मात्र दाणा न दाणा सुटा मिळतो. ज्या दिवशी आधीची तयारी नसते तेव्हा मी मोठ्या ताटात पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवतो. परिणाम रात्रभराच्या तोडीचा नाही, पण पुष्कळ चांगला. भाताच्या बाबतीत तेवढी सवड दिली तर सहसा निभावत नाही, आणि इथेच किनोवा भातावर मात करतो असं माझं मत आहे. एक खबरदारी दोघांनाही सारखीच लागू आहे. शिजलेलं अन्न तासन् तास बाहेर ठेवलं तर त्यात बॅसिलस सिरियससारखे जिवाणू वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे दोन तासांच्या आत फ्रीज, आणि तीन-चार दिवसांत खाऊन संपवायचा.

परतायला मी रुंद लोखंडी कढई वापरतो. आच मोठी हवी आणि कढई कधी भरगच्च नको. दोन माणसांपुरता, म्हणजे तीनेक वाट्या शिजलेला किनोवा एका वेळी पुरे. जास्त घातला की तळाशी वाफ कोंडते आणि आपण परतत नाही, पुन्हा शिजवत बसतो. अंडं घालायचं तर ते आधी अर्धवट जमवून बाजूला काढायचं. तोफू घालायचा तर दाबून पाणी काढून, तळ सोनेरी होईपर्यंत परतून तोही बाजूला. मग भाज्या, त्याही बाजूला. शेवटी रिकाम्या गरम कढईत तेल, आलं-लसूण आणि लगेच किनोवा. तो पसरायचा आणि मिनिटभर हातच लावायचा नाही. हे जड जातं, कारण उलथणं हातात असलं की हलवावंसं वाटतंच. पण तळाचे दाणे जरा लालसर, कुरकुरीत होतात ते याच मिनिटात. चुरचुर आवाज येऊ लागतो, काही दाणे उडायला लागतात, मग उलटायचं आणि पुन्हा थांबायचं. असं दोन-तीनदा केलं की चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

भाज्या चिरण्याबद्दल माझं मत नेहमीच्या सल्ल्याच्या उलट आहे. फ्राइड राइसमध्ये गाजर, फरसबी अगदी बारीक चिरतात, म्हणजे ती भाताच्या दाण्याबरोबर मिसळतात. किनोव्यात तशीच बारीक चिरली तर सगळा पदार्थ एकसारखा भुरभुरीत लागतो, दाताखाली काहीच येत नाही. मी ढोबळी मिरची चौकोनी मोठी कापतो, गाजराचे तिरके काप, कोबीचे जाड तुकडे, मशरूम अर्धी. काजू किंवा भाजलेले शेंगदाणे मूठभर असले तर फारच छान. भाज्यांचं प्रमाणही मी भातापेक्षा जास्त ठेवतो, किनोव्याच्या निम्म्याहून अधिक. नुसत्या किनोव्याचे घास लागोपाठ खाल्ले की तोंडाला कंटाळा येतो. एक घास दाण्यांचा, एक रसरशीत भाजीचा असं चाललं की ताट कधी संपलं कळत नाही.

भात स्वतःकडे फारशी चव ठेवत नाही, जो मसाला द्याल तो घेतो. किनोव्याला स्वतःची मातकट, बदामाच्या जवळ जाणारी चव आहे आणि मागे थोडा कडवटपणा. तो लपवायच्या मागे लागण्यापेक्षा त्याला जोड द्यावी. आंबट हवंच. लिंबू किंवा तांदळाचं व्हिनेगर शेवटी घातलं की चव एकदम उजळते. लसूण आणि आलं भाताच्या दीडपट. साखर दोन चिमटी. तिळाचं तेल गॅस बंद केल्यावर, थेंबभर. पातीच्या कांद्याचा हिरवा भाग सढळ हाताने. सोया सॉसला मात्र आवर घालावा. दाणे बारीक, त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा, त्यामुळे सॉस एका जागी ओतला की तिथले दाणे तो शोषून खारट होतात आणि बाकीचे कोरे राहतात. मी कढईच्या कडेने थोडा थोडा ओततो, म्हणजे तो गरम लोखंडावर क्षणभर जळून मगच दाण्यांना लागतो. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात 2 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. त्यामुळे माणशी दोन छोटे चमचे, बाकी काम लिंबाचं. ग्लुटेन टाळणाऱ्यांनी इथेच सावध राहावं. किनोव्यात ग्लुटेन नाही, पण नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. गहू नसलेला सोया सॉस किंवा तमारी (बहुधा गव्हाशिवाय बनणारा जपानी सोया सॉस) घेताना पाकीट वाचावं.

आरोग्याच्या नावाखाली किनोव्याबद्दल बरंच भलतंसलतं सांगितलं जातं, म्हणून आकडे देतो. शिजलेल्या 100 ग्रॅम किनोव्यात सुमारे 120 कॅलरी, 4.4 ग्रॅम प्रथिनं आणि 2.8 ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच पांढऱ्या भातात सुमारे 130 कॅलरी, 2.7 ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम 0.4 ग्रॅम तंतू. म्हणजे कॅलरीत नावापुरता फरक. नुसता भाताऐवजी किनोवा खाल्ला म्हणून वजन उतरेल ही आशा ठेवू नये, वरून तेल ओतलं तर मुळीच नाही. फरक आहे तो प्रथिनांत आणि तंतूंत. शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी नऊही अमिनो आम्लं त्यात आहेत. धान्यांत कमी पडणारं लायसिनही बऱ्यापैकी आहे. मला जाणवलेला फरक साधा आहे: संध्याकाळी सातला जेवलो तर रात्री झोपेपर्यंत पुन्हा काही खावंसं वाटत नाही. उलट बाजूही सांगतो. एरवी कमी तंतू खाणाऱ्याने एकदम मोठं ताट घेतलं तर पोट जड होऊ शकतं, थोड्यावरून सुरुवात करावी. किनोव्यात ऑक्सलेट असतं, त्यामुळे ऑक्सलेटचे मूतखडे होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच तो रोजच्या जेवणात आणावा.

पांढरा, लाल, काळा असे प्रकार मिळतात. परतायला मला लाल सगळ्यात आवडतो, आकार धरून राहतो. शिजायला तीन-चार मिनिटं जास्त लागतात. तिन्हींचं मिश्रण मी घेत नाही, कारण पांढरा मऊ होईतो काळा कडकच राहतो.

तक्रारी आहेत. चॉपस्टिकने खाणं जवळजवळ अशक्य, चमचा लागतोच. दाणे ओट्यावर, गॅसच्या शेगडीखाली, सगळीकडे सांडतात आणि वाळले की चिकटून बसतात. रस्सेदार पदार्थाबरोबर तर मी तो आता देतच नाही, रस्सा पिऊन दोन मिनिटांत त्याचा गोळा होतो. लहान मुलं सुरुवातीला नाक मुरडतात. आमच्याकडे अर्धा भात, अर्धा किनोवा असं मिसळून परतलेलं मात्र सगळे आवडीने खातात. ज्यांना एकदम बदल नको त्यांना मीही हेच सुचवेन.

सगळ्यात मोठी सोय मला उशिरा उमगली, ती फ्रीजरची. एकदाच जास्त शिजवायचा, ताटात पसरून पूर्ण थंड आणि कोरडा करायचा, मग एका जेवणापुरता एकेका पिशवीत सपाट भरून गोठवायचा. दोनेक महिने चांगला राहतो. वितळवायची गरज नाही. पिशवी हाताने चुरून दाणे थेट तापलेल्या कढईत टाकायचे, फक्त पहिली दोन मिनिटं आच सगळ्यात मोठी ठेवून वाफ उडू द्यायची. भाज्या चिरलेल्या असतील तर पंधरा मिनिटांत जेवण ताटात येतं.