गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यावं की आहे तिथेच दर कमी करून घ्यावा? मुंबईतल्या पर्यायांची तुलना

फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. रेपोला जोडलेल्या कर्जांत ही सव्वा टक्क्याची घट तिमाही रीसेटला, म्हणजे दर नव्याने ठरायच्या तारखेला, आपोआप उतरते. पण कर्ज जुन्या एमसीएलआरवर (बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेला दर) किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीच्या पीएलआरवर (कंपनीचा स्वतःचा मूळ दर) असेल, तर ती उशिरा आणि अर्धवट पोचते. शिवाय रेपो-लिंक्ड कर्जातही ज्यांचा स्प्रेड, म्हणजे रेपोवर बँकेने चढवलेला टक्का, कर्ज घेतानाच जास्त लागला, ते आजही नव्या ग्राहकापेक्षा महाग कर्ज फेडतायत. आपल्याकडे गृहकर्जाचं ठराविक वर्षांनी नूतनीकरण होत नाही, त्यामुळे बँक स्वतःहून बोलावून दर बदलून देईल अशी वाट बघण्यात अर्थ नाही. आपणच उठून विचारायला हवं, आणि पहिला प्रश्न आपल्याच बँकेला विचारायला हवा.

त्याआधी कर्जाचं स्टेटमेंट उघडून तीन गोष्टी लिहून घ्या: बेंचमार्क (आपला दर ज्याला जोडलाय तो मूळ दर) कोणता, स्प्रेड किती, पुढची रीसेट तारीख कोणती. जाहिरातीतला ‘अमुक टक्क्यांपासून’ हा दर तुलनेला निरुपयोगी असतो. तुलना स्प्रेडची करायची. रेपो सगळ्यांना सारखाच आहे, फरक पडतो तो त्यावर चढवलेल्या टक्क्यांत. बँकांसाठी बाह्य बेंचमार्क (रेपोसारखा, बँकेच्या हातात नसलेला) १ ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीचा झाला, त्यामुळे त्याआधीचं कर्ज असेल तर ते एमसीएलआर किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर अडकलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. एक इशाराही इथेच: रेपो उतरत असताना काही बँकांनी नव्या ग्राहकांसाठीचा स्प्रेड वाढवला. ज्याच्याकडे जुना, कमी स्प्रेड आहे त्याने बदलायच्या भानगडीत पडू नये.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. ६० लाख मुद्दल बाकी, १५ वर्षं बाकी, स्प्रेड ३.३५, म्हणजे आजचा दर ८.६० टक्के आणि हप्ता ५९,४३७ रुपये. दुसरी बँक २.३५ स्प्रेड देतेय, म्हणजे ७.६० टक्के आणि हप्ता ५५,९६२. आपली बँक खूप रेटल्यावर २.५० वर येते, म्हणजे ७.७५ टक्के आणि हप्ता ५६,४७७.

आपलीच बँक: कन्व्हर्जन

कन्व्हर्जन म्हणजे फी भरून आपल्याच बँकेत स्प्रेड कमी करून घेणं. आमच्या मते बहुतेकांसाठी हाच सगळ्यात चांगला पर्याय, आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा. अर्ज एक पानाचा असतो, कागदपत्रं हलत नाहीत, सोसायटीकडे जावं लागत नाही, मुद्रांक शुल्क पुन्हा लागत नाही. फी बँकेबँकेत वेगळी: कुठे ठराविक रक्कम, कुठे बाकी मुद्दलाच्या टक्केवारीत, वर १८ टक्के जीएसटी. वरच्या उदाहरणात फी ५,००० धरली तर जीएसटीसह ५,९०० रुपये जातात आणि महिन्याला २,९६० वाचतात. दोन महिन्यांत फी वसूल.

अडतं ते शाखेत. काउंटरवरचा माणूस ‘दर सिस्टिमवरून येतो’ म्हणून परत पाठवतो, कारण स्प्रेड बदलायचा अधिकार त्याच्याकडे नसतोच. अर्ज होम लोन केंद्राला, लेखी किंवा ईमेलने द्या आणि त्याचा रेफरन्स नंबर घ्या. बँकांना पूर्वी स्प्रेडमधला क्रेडिट रिस्क सोडून बाकीचा भाग तीन वर्षांत एकदाच बदलता यायचा. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२५ पासून तो ग्राहकाच्या फायद्यासाठी तीन वर्षांच्या आतही कमी करायची मुभा दिलीय. म्हणून ‘नियमात बसत नाही’ हे उत्तर मिळालं तर हा बदल अर्जात लिहून पुन्हा विचारा. सिबिल स्कोअर कर्ज घेतल्यानंतर सुधारला असेल तर तोही जोडा, कारण बऱ्याच बँकांचे दर स्कोअरच्या टप्प्यांवर ठरतात. क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो.

तरीही हलले नाहीत, तर दुसऱ्या बँकेचं सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) आणून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) आणि एलओडी, म्हणजे बँकेकडे असलेल्या कागदांची यादी, मागा. ही मागणी गेली की बऱ्याचदा दोन दिवसांत फोन येतो आणि आधी ‘अशक्य’ असलेला दर निघतो. हा दर तोंडी घेऊ नका. नव्या स्प्रेडचं पत्र हातात आल्यावरच दुसरीकडचा अर्ज थांबवा.

दुसरी बँक: बीटी

दर एक टक्क्याने कमी म्हटल्यावर बीटी, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर, बिनतक्रार करावा असं वाटतं. मुंबईत त्याचा खरा खर्च मोजून बघा. महाराष्ट्रात मूळ दस्त तारण ठेवण्याच्या लेखावर ५ लाखांपुढच्या कर्जाला ०.३ टक्के मुद्रांक शुल्क आहे, आणि बँक बदलली की ते नव्याने भरावं लागतं. ६० लाखांवर झाले १८,००० रुपये. प्रोसेसिंग फी १०,००० धरा, जीएसटीसह ११,८००. वकील आणि व्हॅल्युअर मिळून साधारण ६,०००. दुय्यम निबंधकाकडे नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर तारण ठेवल्याची सूचना, ३० दिवसांच्या आत दाखल करायची असते, तिचं शुल्क आणि किरकोळ खर्च मिळून दीड हजार.

यात एक खर्च कोणत्याच कोटेशनमध्ये नसतो: दुहेरी व्याज. नवी बँक ज्या दिवशी जुन्या बँकेच्या नावाचा चेक काढते, त्या दिवसापासून तिचं व्याज सुरू होतं. जुन्या बँकेचं व्याज मात्र चेक जमा होईपर्यंत चालू राहतं. ६० लाखांवर ८.६० टक्क्यांनी दिवसाचं व्याज १,४१४ रुपये आणि ७.६० ने १,२४९. चेक शुक्रवारी छापला, शनिवार-रविवार गेला, सोमवारी एजंट आला नाही, मंगळवारी फोरक्लोजर लेटरची तारीख उलटली म्हणून नवीन आकडा मागावा लागला, असे सहा दिवस गेले की साडेसात हजार उडाले. यावर उपाय आहे. चेक काढायच्या आदल्या दिवशी जुन्या बँकेकडून पुढच्या दहा दिवसांचे रोजचे आकडे असलेलं फोरक्लोजर लेटर घ्या, चेक सोमवारी किंवा मंगळवारी काढून घ्या आणि त्याच दिवशी स्वतः जाऊन जमा करा. चेकवर कर्ज खात्याचा नंबर आहे का, ते तिथेच वाचा.

एकूण खर्च झाला ४५ हजारांच्या आसपास. महिन्याला ३,४७५ वाचतात, म्हणजे १३ महिन्यांत वसूल. आपली बँक काहीच देत नसेल तर हा सौदा चांगला आहे, करावाच. पण आपली बँक ७.७५ वर आली असेल तर बीटीचा जादा फायदा महिन्याला फक्त ५१५ रुपये उरतो, आणि त्यासाठी ३९ हजार जास्त खर्च. ते वसूल व्हायला सहा वर्षं लागतील. म्हणून आमची रेघ अशी: आपल्या बँकेचा शेवटचा दर आणि बाहेरचा दर यांत पाव टक्क्याहून कमी अंतर असेल तर हलू नका. आणि मुद्दल १५ लाख, मुदत पाचच वर्षं उरली असेल, तर पूर्ण एक टक्का कमी मिळूनही महिन्याला ७१९ रुपयेच वाचतात. तिथे हाताशी असलेले पैसे मुद्दलात भरणं जास्त कामाचं. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. बँकांवर ही बंदी २०१२ पासून आहे.

सगळ्यात महाग चूक मुदतीत होते. बीटीच्या फॉर्मवर एजंट ‘२० वर्षं’ भरून टाकतो आणि हप्ता ४८,७०३ दिसतो, महिन्याला जवळजवळ ११ हजारांनी कमी. पण ८.६० टक्क्यांनी १५ वर्षांत एकूण १ कोटी ७ लाख जात होते, ते ७.६० टक्क्यांनी २० वर्षांत १ कोटी १६ लाख ८९ हजार होतात. दर उतरला आणि सुमारे १० लाख जास्त गेले. मुदत उरली असेल तेवढीच लिहा. जमत असेल तर जुनाच हप्ता चालू ठेवा: ५९,४३७ भरत राहिलात तर कर्ज १८ महिने आधी संपतं.

कोणत्या प्रकारची संस्था कोणाला बरी

सरकारी बँकांचा स्प्रेड साधारणपणे कमी आणि रचना उघड असते. स्टेट बँकेचा ईबीएलआर (बाह्य बेंचमार्कवर बेतलेला दर) म्हणजे रेपो अधिक २.६५, डिसेंबर २०२५ च्या कपातीनंतर ७.९०. त्यावर ग्राहकाच्या जोखमीप्रमाणे दर खाली-वर होतो. किंमत मोजावी लागते ती वेळेची आणि कागदांची. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसलेली उपनगरातली इमारत, पहिल्या बिल्डर-ॲग्रीमेंटची मूळ प्रत गहाळ, रिसेल साखळीतला एक दस्त नोंदणीविना, यातलं काही असेल तर फाइल लीगलमध्ये अडकते. इमारत ३० वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सोसायटीकडून आधीच मागून ठेवा. पागडीच्या घराला या वाटेने कर्ज मिळेल अशी आशा धरू नका. म्हाडाच्या घराला म्हाडाचं ना-हरकत पत्र लागतं आणि त्याला स्वतःचा वेळ लागतो.

खासगी बँका लवकर काम करतात, घरी माणूस पाठवतात. पण सँक्शनच्या शेवटच्या टप्प्यावर विमा पॉलिसी पुढे येते आणि एकरकमी प्रीमियम कर्जातच मिसळला जातो. घराचा आगीचा विमा बँक मागते, तो रास्त आहे. जीवन विमा तिच्याकडूनच घेण्याचं बंधन नाही. तसं ईमेलवर कळवा आणि सँक्शनच्या रकमेत प्रीमियम धरलाय का, ते तपासा.

हाउसिंग फायनान्स कंपन्या कागद थोडे सैल असले तरी कर्ज देतात, व्यवसायाचं उत्पन्न असलेल्यांना सांभाळून घेतात. पण बाह्य बेंचमार्कचा नियम त्यांना लागू नाही. आज मिळालेला आकर्षक दर त्यांच्या स्वतःच्या पीएलआरवर बेतलेला असतो, आणि रेपो उतरला की तो किती उतरवायचा हे तीच कंपनी ठरवते. बँकेतून कंपनीकडे जाणं आम्ही सुचवणार नाही. कंपनीतून बँकेत येणं मात्र जवळजवळ नेहमी फायद्याचं. सहकारी बँकांनाही बाह्य बेंचमार्क सक्तीचा नाही, एवढं विचारून घ्या.

हातात शिल्लक राहणाऱ्यांसाठी ओव्हरड्राफ्ट प्रकार वेगळा मोजावा: स्टेट बँकेचं मॅक्सगेन, बँक ऑफ बडोदाचं होम लोन ॲडव्हांटेज. खात्यात ठेवलेल्या रकमेवर तेवढं व्याज लागत नाही आणि पैसे हवे तेव्हा काढता येतात. दर साध्या कर्जापेक्षा चढा असतो. तो पाव टक्का चढा धरला तर ६० लाखांवर वर्षाला १५ हजार जास्त जातात, म्हणजे खात्यात सरासरी २ लाख कायम पडून असतील तरच बरोबरी होते. धंदेवाईकाला, बोनस मिळणाऱ्याला हे उत्तम. महिनाअखेर खातं रिकामं होणाऱ्याने घेऊ नये.

फिक्स्ड दर म्हणून दोन-तीन वर्षांसाठी स्थिर आणि मग फ्लोटिंग अशा योजना मिळतात. करारात फिक्स्ड काळात कर्ज फेडल्यास शुल्क किती, हे कलम आधी वाचा.

कागद सुटेपर्यंत

सोसायटीची एनओसी बँकेच्याच नमुन्यात लागते. कमिटीची बैठक महिन्यातून एकदा होत असेल तर सेक्रेटरींना अर्ज बीटीचा विचार पक्का होताच द्या, सँक्शननंतर नको. सर्व प्रकारचे खर्च आणि खरा वार्षिक दर केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट) या पत्रकात एकत्र येतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं सक्तीचं आहे. दोन बँकांची पत्रकं शेजारी ठेवून वाचा.

कर्ज फिटल्यावर जुन्या बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात, तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून सुटणाऱ्या कागदांना लागू आहे. कागद ताब्यात घेताना एलओडीच्या यादीशी एकेक पान ताडून बघा: मूळ ॲग्रीमेंट, इंडेक्स टू, नोंदणीची पावती, आधीच्या मालकांची साखळी, शेअर सर्टिफिकेट. पाकीट न उघडता नव्या बँकेच्या माणसाकडे देऊ नका. एखादा कागद बँकेकडूनच हरवला असेल तर त्याची प्रमाणित प्रत काढायला मदत करणं आणि तो खर्च उचलणं बँकेवर आहे.

महिनाभराने तीन गोष्टी तपासा. जुन्या बँकेने सेरसायवरची (तारणांची केंद्रीय नोंदवही) बोज्याची नोंद उतरवली का, सोसायटीच्या दप्तरातली जुन्या बँकेची लियन, म्हणजे बोज्याची नोंद, तिच्या पत्राने निघाली का, आणि पगाराच्या खात्यावरचं जुनं एनएसीएच मँडेट (हप्ता आपोआप कापायची परवानगी) रद्द झालं का. यातलं शेवटचं राहिलं तर बंद झालेल्या कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला पुन्हा कापला जातो आणि परत मिळायला आठवडे लागतात.