डी अँड डी स्टार्टर सेट (२०१४): अगदी नवख्या लोकांसोबत काही महिने खेळल्यावरचा अनुभव

मंडळी, ज्यांना घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना पहिल्यांदाच डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी, टेबलाभोवती बसून बोलत-बोलत आणि फासे टाकत रंगवायचा गोष्टीचा खेळ) खेळायला बसवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचा खेळ ऐरोलीत, माझ्या घरी, रविवारी दुपारी. वहिनी, माझा आठवीतला पुतण्या, खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड शिक्षिका काकू आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडून येणारा ऑफिसचा मित्र. यातल्या कोणीच आधी असला खेळ बघितलासुद्धा नव्हता. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा.

डब्यात ३२ पानांची नियमांची पुस्तिका, ६४ पानांचं अ‍ॅडव्हेंचर (खेळायची तयार गोष्ट, लॉस्ट माइन ऑफ फँडेल्वर), पाच तयार कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती असलेले कागद) आणि सहा फासे. याच एडिशनचं प्लेअर्स हँडबुक (खेळाडूंसाठीचं नियमांचं पुस्तक) ३२० पानांचं आहे, ते नवीन माणसाच्या हातात दिलं तर तो पुढच्या रविवारी येणारच नाही. २०२४ मध्ये नियमांची नवी पुस्तकं आलीत पण लागणारे नियम डब्यातच असल्यामुळे काही अडत नाही.

मला विचाराल तर या डब्याचा जीव त्या पाच शीटमध्ये आहे. नवीन माणसाला कॅरेक्टर बनवायला बसवलं की सगळी दुपार रेस (वंश), क्लास (पेशा), स्पेल (मंत्र) यातच जाते आणि खेळ सुरूच होत नाही. इथे शीट टेबलावर पसरायच्या, ज्याला जी आवडेल ती उचलू द्यायची, सुरू. नावाची जागा मुद्दाम मोकळी ठेवलीये हे फार छान केलंय. काकूंनी ड्वॉर्फ क्लेरिकचं (बुटक्या वंशाचा, मंत्र टाकणारा पुजारी) नाव खंडोजी ठेवलं आणि तिथून तो त्यांचाच झाला, आता त्याला बाण लागला की त्या खरंच चिडतात. शिवाय पात्रांना कथेशी जोडून दिलंय, म्हणजे हाफलिंग (छोट्या चणीच्या वंशाच्या) चोराला ज्या टोळीने दगा दिला ती टोळी पुढे गावात भेटतेच. पुतण्याने तो चोर घेतला, त्यामुळे गावात जायचं कशाला हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

नियम आधी समजावत बसू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. सुरुवात सरळ अशी करा की तुम्ही मालाने भरलेली बैलगाडी घेऊन फँडालिन गावाला निघालाय, रस्त्यात दोन मेलेले घोडे आडवे पडलेत, काय करताय? काकू लगेच म्हणाल्या, "मी आधी बैल थांबवते, मग बघू." खेळ सुरू झालासुद्धा! फासा फक्त तेव्हाच टाकायला सांगायचा जेव्हा काय होईल ते खरंच नक्की नाही. अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा, हे सगळ्यांना एका झटक्यात कळतं. स्पेल स्लॉट, म्हणजे किती वेळा मंत्र टाकता येतो ती मर्यादा, मात्र कोणालाच कळत नाहीत. मी विझार्ड (जादूगार) आणि क्लेरिकला दोन-दोन चिंचोके दिले, पहिल्या लेव्हलचं स्पेल वापरलं की एक चिंचोका मला परत द्यायचा, तेव्हापासून तो प्रश्नच मिटला.

आता इथून पुढे अ‍ॅडव्हेंचर फुटणार आहे, खेळाडू म्हणून बसणार असाल तर पुढचा पॅरा सोडा.

पहिलीच मारामारी नवख्यांना जड जाते. चार गॉब्लिन (छोटे राक्षस), प्रत्येकाच्या बाणाचं डॅमेज एक डी सिक्स (सहा बाजूंचा फासा) अधिक दोन, म्हणजे आठपर्यंत, आणि विझार्डचे एकूण हिट पॉइंटच (किती मार सोसेल तो आकडा) आठ. खेळाडू तीनच असतील तर मी दोन गॉब्लिन ठेवीन. चौघेही पडले तरी खेळ संपत नाही, गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून माल लुटून नेतात असं पुस्तकातच दिलंय, ते डीएमने आधी वाचून ठेवा. पुढे थंडरट्री नावाच्या ठिकाणी हिरवा ड्रॅगन आहे, त्याचा विषारी श्वास म्हणजे बारा डी सिक्स. तिसऱ्या लेव्हलच्या पात्रांचं काय होणार सांगायलाच नको. व्हिडिओ गेमवाल्यांना समोर आलेलं सगळं मारायचं असतं, म्हणून तिथे जायच्या आधीच सांगून ठेवा की पळणं, लपणं, बोलणं हे पण चालतं. आमच्यात वहिनींनी ड्रॅगनशी सौदा करायला घेतला आणि त्या दुपारी मित्राने त्याच्या दोन लोकल सोडल्या.

कमी काय आहे तर फाशांचा एकच सेट, चार-पाच जणांत तो सतत फिरत राहतो, अजून दोन सेट वेगळे घ्याच. फोनवरचं अ‍ॅप चालतं पण फासा हातात खुळखुळवण्यात जी मजा आहे ती त्यात नाही. खेळाडूंना दाखवायचा नकाशा नाही, पुस्तकातल्या नकाशात सगळी गुपितं दिसतात, म्हणून मी आलेख वहीवर लागेल तेवढंच काढतो. मिनिएचर (पात्रांचे छोटे पुतळे) पण नाहीत, कॅरमच्या काळ्या सोंगट्या गॉब्लिन आणि पांढऱ्या आपली माणसं, छान चालतं. तिसऱ्या भागात अ‍ॅडव्हेंचर एकदम मोकळं सुटतं आणि कुठे जायचं हे नवीन लोकांना समजत नाही, तिथे गावातल्या माणसांच्या तोंडून एका वेळी दोनच वाटा सुचवा.

हा डबा पाचव्या लेव्हलपर्यंत नेतो, आम्ही शेवटच्या भागात आहोत. नंतर एसेन्शियल्स किट (२०१९) घ्यायचं ठरलंय, त्यात कॅरेक्टर स्वतः बनवायचे नियम आहेत आणि पुतण्याला आता तेच हवंय. तुमच्याकडे खेळायला एकच माणूस असेल तर मात्र पहिल्यापासून तेच घ्या, साइडकिकचे (खेळाडूच्या जोडीला येणाऱ्या साथीदार पात्राचे) नियम त्यात आहेत, या डब्यात नाहीत.