ग्रुपने बसायचं असेल तर लालबाग-परळ-दादरचे साधे परमिट रूम

चार-सहा जणांनी बसून शेवटी पैशांवरून तोंडं वाकडी होऊ नयेत, असं वाटत असेल तर या पट्ट्यातला साधा परमिट रूम महागड्या बारपेक्षा उजवा. कारण एकच: इथे माल सीलबंद येतो, त्यामुळे मोजता येतो.

क्वार्टर १८० मिलीची. तिघांत साठ-साठचे तीन लार्ज बरोबर बसतात. चौघांत मात्र पंचेचाळीस येतात आणि कुणाच्या ग्लासात किती पडली, यावरून कुरबुर सुरू होते. चौघे एकच ब्रँड घेणार असतील तर ३७५ मिलीची हाफ मागवा, प्रत्येकी नव्वदच्या थोडी वर. सुटे पेग टाळा. मिलीमागे महाग पडतात आणि तिसऱ्यानंतर संख्या कुणाच्याच लक्षात राहत नाही. सील टेबलावरच फोडायला सांगा आणि रिकाम्या बाटल्या उचलू देऊ नका, बिल आलं की त्याच मोजायच्या.

आता कॉन्ट्री. सगळ्यांत जास्त अन्याय इथेच होतो, आणि तो नेहमी न पिणाऱ्यावर. समजा चौघे आहेत. खाणं १,२०० रुपये, दोघांच्या दोन क्वार्टर ७६०, तिसऱ्याच्या दोन बिअर ६४०, चौथ्याचा फ्रेश लाइम सोडा ८०, सगळं कर धरून. एकूण २,६८०. सरसकट भागलं तर प्रत्येकी ६७०. खाण्याचे चार भाग करून पिण्याचं ज्याचं त्याने दिलं, तर सोडावाल्याचे होतात ३८०, क्वार्टरवाल्यांचे ६८० आणि बिअरवाल्याचे ९४०. म्हणजे सरसकट वाटणीत सोडावाला २९० रुपये फुकट भरतो, आणि भिडेपोटी बोलत नाही. म्हणून ‘खाणं समान, पिणं टीटीएमएम’ हे पहिल्या ऑर्डरआधीच ठरवा. मद्यावर व्हॅट आणि खाण्यावर जीएसटी लागत असल्याने बऱ्याच ठिकाणी दोन वेगळी बिलं येतात. ही वाटणी त्यावरच सोपी होते.

कुणाची पार्टी असेल तर पहिली ऑर्डर त्याची. त्याने जो ब्रँड सांगितला, त्याच्या वरचा इतरांनी मागू नये. दुसऱ्याच्या ग्लासात सोडा की पाणी, हे विचारल्याशिवाय ओतू नये. आणि नको म्हणणाऱ्याला एकदाच विचारावं. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि व्हिस्की-रमसाठी २५ लागतं, तेव्हा कॉलेजच्या पोरांसाठी मोठ्यांनी ऑर्डर देऊ नये.

उणिवाही आहेत. बाटलीबंद पाणी न विचारता उघडलं जातं, साधं हवं तर बसतानाच सांगा. एसी विभागात तीच क्वार्टर महाग, म्हणून मेनूकार्ड तिथलंच मागा. शेंगदाणे, काकडी पहिल्यांदा तशीच आली तरी दुसरी प्लेट बिलात लागू शकते. लास्ट ऑर्डरच्या घाईत एकाने सगळ्यांसाठी मागवलेली क्वार्टर हमखास उरते. ती कोणाच्या खात्यात, हे मागवतानाच बोला.

पैसे एकाने स्कॅन करून द्यावेत, बाकीच्यांनी टेबलावरून उठण्याआधी त्याला पाठवावेत. सर्व्हिस चार्ज सक्तीने लावता येत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. बिलात दिसला तर काढायला सांगा आणि वेटरची टीप बडीशेपेच्या ताटलीत रोख ठेवा. मालकाच्या क्यूआरवर टाकलेली टीप वेटरच्या हाती पडेलच असं नाही.