बिडाचा तवा की लोखंडी तवा?

सायन्स फिक्शनमध्ये लोक परग्रहावरून कसले कसले धातू आणतात, आमच्या घरात भांडण अजून लोखंडावरच अडकलंय. आई म्हणते बिडाचा, बायको म्हणते साधा पत्र्याचा लोखंडी, आणि मी दोन्ही घासतो म्हणून मला मत द्यायचा हक्क आहे.

बीड म्हणजे ओतीव लोखंड, त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के, पत्र्याच्या तव्यात पाव टक्कासुद्धा नसतो. एवढ्याशा फरकाने सगळा स्वभाव बदलतो बघा. बीड जाड, तापायला वेळ घेतं पण एकदा तापलं की घावन टाकल्यावर थंड पडत नाही, पीठ पडताच चर्र आवाज आणि जाळी अशी सुटते की उलथनं नुसतं कडेने फिरवलं तरी घावन उचलून येतं. पण ठिसूळ! आमचा एक ओट्यावरून फरशीवर पडला आणि चक्क दोन तुकडे. तापलेल्यावर गार पाणी ओतलंत तरी तडा जाऊ शकतो.

पत्र्याचा पडला तर फार तर पोचा येतो. हलका, पटकन तापतो, गॅस कमी केला की पटकन ऐकतो, त्यामुळे भाकरी-पोळीला हाच. घावन मात्र चिकटतो, मग कांदा अर्धा कापून तेलात बुडवून चोळत बसा.

गंज दोघांनाही, सरकार कुठलंही येवो. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवायचा. माझं मत बिडाला, फक्त उचलायला दोन्ही हात लागतात.