टॉकीज नवं, मुंडकी तीच

थेटरचं नाव लिहिणार नाही. ज्या धंद्यात अडतीस वर्षं भाकरी खाल्ली, त्या धंद्यातल्या माणसाचं नाव घेऊन उणंदुणं काढणं बरं दिसत नाही. सोलापुरातलं जुनं सिंगल स्क्रीन, मधे बंद पडलेलं, रंगरंगोटी करून पुन्हा उघडलेलं, एवढं पुरे. मी 1979 ला गावातल्याच दुसऱ्या टॉकीजला हेल्पर म्हणून लागलो, रिळं गुंडाळायला. मग ऑपरेटर झालो, 2017 ला सुटलो. तेव्हापासून तिकीट काढून पिक्चर बघतो आणि त्याची अजून सवय झालेली नाही.

सोयीसुविधांचं आधी उरकतो. बाल्कनी 150, खाली 100. खुर्च्या नव्या, मागं कलतात, पण उंच माणसाचे गुडघे समोरच्याच्या पाठीत जातात. बाथरूम स्वच्छ. हे मुद्दाम लिहितोय, कारण सोलापुरात त्यासाठीच मंडळी थेटरला यायचं टाळतात. समोसा गरम, चटणी पाणचट. शेंगाचटणीच्या गावात असली चटणी द्यायची म्हणजे धाडसच. एसी इंटरव्हलपर्यंत, पुढं पंखे. पार्किंगवाल्याकडं सुटे कधीच नसतात.

आवाज दणदणीत आहे, जरा जास्तच. पडदा मात्र अंधारा. साध्या पिक्चरला पडद्यावर 14 फूट-लँबर्ट उजेड पडावा असं मानक आहे. इथं त्याच्या निम्मा तरी पडतो की नाही, शंका आहे. प्रोजेक्टरमधल्या झेनॉन दिव्याचे तास भरले की त्याचा उजेड बसतो, नवा महाग पडतो, म्हणून मालक आज-उद्या करत राहतो. मला हे कळलं ते रक्तावरून. डिसेंबर 2023 मध्ये इथं 'अ‍ॅनिमल' पाहिला, पहिल्याच रविवारी, संध्याकाळचा शो. हॉटेलातली ती मुखवटेवाल्यांची मारामारी, रणबीर कपूरच्या हातात कुऱ्हाड, आणि पडद्यावर रक्त काळं दिसतंय. ग्रीस सांडल्यागत. मालकानं दिव्याचे पैसे वाचवले आणि सेन्सॉरचं काम फुकटात झालं.

सेन्सॉरनं आपलं काम काय केलं होतं तेही त्या दिवसांत पेपरात आलं होतं. एका जवळिकीच्या सीनचे क्लोजअप कमी करायला लावले, 'वस्त्र'च्या जागी 'कॉस्च्युम' म्हणायला लावलं. मी त्या बातमीत कुऱ्हाड शोधत होतो.

पिक्चर 3 तास 21 मिनिटांचा, सर्टिफिकेट 'ए'. म्हणजे अठराच्या खालचं कुणी आत येता कामा नये. माझ्या पुढच्या रांगेत एक माणूस सात-आठ वर्षांच्या पोराला घेऊन बसला होता. डोअरकीपरनं पोराकडं बघितलं, बापाकडं बघितलं, तिकीट फाडलं. मी इंटरव्हलला विचारलं तर म्हणाला, "मामा, फॅमिली आहे, कुठं परत पाठवू?" आम्हीही आमच्या काळात हेच करायचो. मी काय बोलणार?

पण त्या पोराकडं मी बराच वेळ बघत होतो. त्यानं डोळे एकदाही झाकले नाहीत. कान झाकले. कुऱ्हाड वर गेली की दोन्ही तळवे कानांवर, खाली आली की थोडी फट करून ऐकायचा. मारामारी आवाजात असते, हे कुठल्याही ऑपरेटरला विचारा. आमच्या केबिनमध्ये आवाजाचं बटण हाताशी असायचं आणि फायटिंग आली की दोन खुणा वर न्यायचा मालकाचा हुकूम असायचा. आता आवाजाच्या प्रोसेसरवर 7 हा ठरलेला आकडा आहे, बरेच जण त्याच्या खालीच ठेवतात. या थेटरनं त्या दिवशी किती ठेवला होता ते त्या पोराच्या तळव्यांना माहीत.

हाऊस फुल्ल होतं. खाली सगळी कॉलेजची पोरं. कुऱ्हाडीला शिट्ट्या, प्रत्येक घावाला "अबे अबे अबे". आणि मग उपेंद्र लिमये आला, ते भलंमोठं मशीनगनचं धूड घेऊन, आणि मागं 'डॉल्बीवाल्या' लागलं. आपलं मराठी गाणं, हिंदी पिक्चरमध्ये, एवढ्या कत्तलीत. खालचं सगळं थेटर उभं राहिलं. खुर्च्यांच्या मधल्या वाटेत पोरं गणपतीच्या मिरवणुकीत नाचावी तशी नाचली. पडद्यावर माणसं पडत होती, ती कुणाला दिसत होती असं मला वाटत नाही. खरं सांगतो, माझाही पाय हलला.

घरी येऊन मंडळीला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला लाज नाही वाटली?" वाटली, पण दुसऱ्या दिवशी.

त्याच आठवड्यात राज्यसभेत खासदार रंजीत रंजन यांनी हा विषय काढला. त्यांची मुलगी हा पिक्चर अर्धा टाकून रडत बाहेर आली होती, असं त्यांनी सांगितलं. आमच्या नातवाचा मित्रांचा ग्रुप त्यावर लई हसला. मला हसू आलं नाही. मग ठरवलं, पुन्हा एकदा बघायचा. तिसऱ्या आठवड्यात बुधवारी दुपारी गेलो. मोजून चौदा माणसं.

तोच पिक्चर, तोच अंधारा पडदा. कुऱ्हाडीचा सीन आला आणि थेटरात चिडीचूप. एकटादुकटा माणूस शिट्टी मारत नाही. खाली कुणीतरी खोकला, त्याचासुद्धा आवाज घुमला. 'डॉल्बीवाल्या' लागलं तेव्हा एका पोरानं "ओय" केलं आणि शेजारी कुणी साथ देईना म्हणून मोबाईल काढून बसला. कत्तल संपेना. रविवारी जो सीन पाच मिनिटांचा वाटला तो बुधवारी पंधरा मिनिटांचा झाला. इंटरव्हलला दोघं गेले ते परत आले नाहीत. चहा प्यायला गेलेत असं मी धरलं होतं.

हे मला नवीन नव्हतं. ऑपरेटरला पिक्चर दिसत नाही. दिसतो, पण तो बघायचा नसतो, वरच्या कोपऱ्यातला चेंजओव्हरचा ठिपका तेवढा बघायचा असतो, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं रीळ वेळेत सोडता येतं. बाकीचा वेळ केबिनच्या खिडकीतून माणसांची मुंडकी दिसतात, पाठमोरी. तीस-पस्तीस वर्षं तेवढंच बघितलं की मान बघून सांगता येतं. हसणारी मान मागं पडते, घाबरलेली मान खांद्यात जाते. आणि फार वेळा मान आडवी वळते, शेजाऱ्याकडं. पडद्यावर काहीतरी भयंकर झालं की आधी माणूस शेजाऱ्याचं तोंड बघतो आणि मग ठरवतो हसायचं की काय ते.

'शोले' आमच्याकडं पुन्हा पुन्हा लागायचा. त्यात ठाकूरचे हात तुटताना दाखवलेच नाहीत. तलवारी वर जातात आणि एकदम शाल उडते. लहान नातवाला गब्बर मारतो तेही नाही दाखवलं, गोळी सुटते आणि रेल्वेचं इंजिन येतं. अहमदचं मरण तर एका मुंगीवर भागवलंय. आणि माना त्या वेळी खाली जायच्या, न दाखवलेल्याला. शेवटाला मात्र उलटं. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी मारून टाकतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरनं तो बदलायला लावला, म्हणून पोलीस येतात. पोलीस आला की खालून शिव्या यायच्या. दर शोला. त्या लोकांना 'अ‍ॅनिमल' दाखवला असता तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. त्यात एवढी माणसं मरतात आणि पोलीस जवळजवळ नाहीच.

माझ्या नोकरीत मी एकदाच दिवे लावायला घाबरलो. एप्रिल 2016, 'सैराट'. पिक्चर आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाचा, नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, त्यामुळं पहिल्या दिवसापासून गर्दी उसळलेली. 'झिंगाट'ला पडद्यापुढं नाच, पैसे उधळणं, बायकासुद्धा उठलेल्या. आणि शेवट. सुरा दिसत नाही, वार दिसत नाही. लहान पोर घरात येतं, रडतं, बाहेर जातं, फरशीवर रक्ताचे पाय उमटतात आणि आवाज बंद. पहिल्या शोला मला वाटलं साऊंड गेला, मशीनकडं धावलो. तोपर्यंत डिजिटल आलेलं, बटणापलीकडं करायचं काही नव्हतं. खिडकीतून बघितलं तर एक मान हलेना. शेजाऱ्याकडंही कुणी बघेना. हाच जमाव तासा-दोन तासांपूर्वी नाचत होता. शो सुटला की लगेच दिवे लावायचे असतात, पुढचा शो असतो. माझा हात स्विचवर होता आणि मी तसाच उभा राहिलो. मालक वर आले, "काय रे, झोपलास का?" म्हणून ओरडले. मग लावले.

या थेटरला दिव्यांची उलटी खोड आहे. 'अ‍ॅनिमल'मध्ये नावं पडल्यावर अजून एक सीन आहे, खाटकाच्या दुकानागत सगळं. इथं नावं सुरू झाली रे झाली की भकाभक ट्यूबलाइट आणि दारं उघडी. निम्मं थेटर पार्किंगमध्ये, निम्मं उभ्याउभ्या एक डोळा पडद्यावर ठेवून चपला शोधतंय. मला तक्रार करायला पाहिजे होती. त्या पोराला घेऊन बाप बाहेर पडताना बघितला आणि तक्रार राहून गेली.

'किल' इथंच पाहिला, जुलै 2024. रेल्वेतली मारामारी, पिक्चरचं नाव अर्ध्या वाटेवर येतं, त्यावर लोक टाळ्या वाजवून हसले. पण त्यात एक गोष्ट आहे जी थेटरला झेपली नाही. दरोडेखोर एकमेकांचे नातेवाईक असतात आणि आपलं माणूस मेलं की ते रडतात. हिरो मारतो तेव्हा शिट्टी, आणि लगेच कुणीतरी भावाच्या प्रेतावर पडून हंबरडा फोडतो. शिट्टी अर्ध्यात थांबायची. असं चार-पाचदा झालं. नंतर लोकांनी शिट्ट्याच बंद केल्या, जरा चिडल्यागत. हा पिक्चर इथं फार चालला नाही. मला आवडला.

'छावा'बद्दल लिहू की नको असा विचार करत होतो. फेब्रुवारी 2025, आठवडाभर तिकीट मिळेना. सर्टिफिकेट यूए 16+, म्हणजे पोरं आईबापाच्या जबाबदारीवर आत येऊ शकतात, डोअरकीपरला विचारायचं कारणच नाही. शेवटी संभाजी महाराजांचे हाल आहेत, नखं, डोळे, सगळं. 'अ‍ॅनिमल'पेक्षा कमी भयंकर नाही. पण कुणी शिट्टी मारली नाही, कुणी उठून गेलं नाही. लोक हात जोडून बघत होते, बाया पदरानं डोळे पुसत होत्या, आणि शेवटी कुणीतरी गर्जना दिली तसं सगळं थेटर उभं. मीही उभा राहिलो, डोळे भरलेले. या मारामारीला कुणी मारामारी म्हणतच नाही, ते कीर्तनात बसल्यागत असतं. चार भिंतींत ते ठीक. बाहेर काय काय झालं ते पेपरात वाचलं. तिकडं बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या रानात तर लोक पिक्चर बघून रात्री सोनं खणायला गेले. पिक्चरमधून कोण काय घेऊन जाईल याचा नेम नाही.

आता त्या बुधवारचं राहिलेलं. इंटरव्हलनंतर एसी बंद झाला म्हणून सांगायला मी केबिनकडं गेलो. खरं तर केबिन बघायची होती. आत एक पंचविशीचा पोरगा, मोबाईलवर क्रिकेट. प्रेक्षकांकडची खिडकी पुठ्ठा लावून बंद. "पुठ्ठा कशाला रे?" तर म्हणे, "मामा, उजेड जातो हॉलमध्ये. आणि आत बघायचं काय, सगळं ऑटोमॅटिक आहे." मी अडतीस वर्षं ऑपरेटर होतो म्हटल्यावर त्यानं स्टूल दिलं, चहा मागवला. मी पुठ्ठा काढला.

"बघ जरा."

"मामा, पाठ झालाय मला पिक्चर."

"पिक्चर नको बघू. मुंडकी बघ."

पडद्यावर तो बुटाचा सीन आला होता, ज्यात तो त्या पोरीला प्रेम सिद्ध करायला बूट चाटायला सांगतो. रविवारी यालाही शिट्ट्या होत्या. आता बारा मुंडकी, इकडं तिकडं विखुरलेली. बाल्कनीत बरोबर आमच्या खाली एक जोडपं, नवरा खुर्ची कलवून आरामात, एकटाच टाळी वाजवून हसला. पोरगा काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिला. मोबाईलवर विकेट पडली तरी वळला नाही.

"मामा," तो हळूच म्हणाला, "ती बाई पडद्याकडं बघतच नाहीये. नवऱ्याकडं बघतीय."